चौथं घर

“भिंत फाटून राह्यली, मॅडम.”

सुकेशनी रामटेके हे म्हणाली तेव्हा खाणीतला स्फोट नुकताच होऊन गेला होता. दुपारी भोंगा व्हायचा, मग जमीन पोटातून गुरगुरायची, आणि आमच्या वर्गातली पोरं कोणी न सांगता आपापल्या कामाला लागायची. एकाने पाण्याचा माठ धरायचा, एकीने कपाटाचं दार धरायचं, कारण आत काचेच्या बरण्या होत्या. सुकेशनीकडे मागच्या भिंतीवरचा भारताचा नकाशा असायचा. त्याचा खिळा दर हादऱ्याला निखळायचा. त्या दिवशी तिने नकाशा धरला तो धरूनच ठेवला आणि त्याच्यामागे वाकून पाहत राहिली.

“कशावरून?” चेतन कोडापे जागेवरूनच ओरडला.

“डोये फुटले का तुह्ये? भेग दिसून नाही राह्यली?”

“भेग तर मी पयलीत होतो तवापासून हाये. फाटून राह्यली हे कशावरून?”

सुकेशनीने नकाशा खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी खडू उचलला आणि फरशीवरची पुसट झालेली चार घरं पुन्हा आखली.

त्या घरांबद्दल आधी सांगायला हवं. मी मूळची मराठीची. विज्ञान माझ्या गळ्यात पडलं, कारण सातवीपर्यंतची शाळा आणि शिक्षक दोनच. ठेंगरे सर गणिताला धरून बसले, उरलेलं सगळं माझ्या पदरात. एका प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं, मुलांना उत्तरं देऊ नका, पुराव्यानिशी वाद घालायला शिकवा. मला हसूच आलं. आमच्या पोरांना वाद घालायला शिकवणं म्हणजे माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवणं. फक्त त्यांचा वाद दुसऱ्याच वाक्यात एकमेकांच्या बापावर जायचा. तेव्हा मी बिल्लसाची घरं आखली. पोरी अंगणात लंगडी घालत खेळतात ना, तशीच, पण चारच. पहिल्या घरात उभं राहून आपलं म्हणणं सांगायचं. दुसऱ्यात काय पाहिलं ते. तिसऱ्यात ‘म्हणून’ म्हणून दोन्ही जोडायचं. आणि चौथ्यात ‘पण’ म्हणायचं, म्हणजे आपल्याला अजून काय माहीत नाही ते कबूल करायचं. पुरावा नसेल तर पहिल्या घरातून पाय उचलायचा नाही. चौथं घर झाल्याशिवाय बाहेर यायचं नाही, आणि बोलणारा चौथ्या घरातून बाहेर येईपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही.

पहिली तीन सगळ्यांना आवडायची. चौथ्याला पोरं कचरायची. ‘माहीत नाही’ म्हटलं की शाळेत छडी बसते, हे त्यांना घरून शिकवून पाठवलेलं. एकटी सुकेशनी त्या घरात मोकळेपणाने उभी राहायची. चौथीतली पोर, केसांना तेल नाही, पायात भावाच्या मोठ्या चपला, आणि चौथ्या घरात उभी राहिली की राणीसारखी.

त्या दिवशी मात्र ती पहिल्या घरातच अडकली. “भिंत फाटून राह्यली,” एवढं म्हणून थांबली, आणि पुढे पाय टाकायला तिच्याजवळ काही नव्हतं. चेतन दात काढत होता.

“उद्या आणतो पुरावा,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती वाटीत कणकेची खळ घेऊन आली. जुन्या उत्तरपत्रिकांच्या पट्ट्या कापून तिने भेगेवर आडव्या चिकटवल्या, ताणून, अगदी सुतारासारखं एक डोळा मिटून. भेग वाढली तर पट्टी फाटेल, नाही तर नाही. मी तिला हे सांगितलं नव्हतं. कोणीच सांगितलं नव्हतं. मी मात्र त्याच दिवशी छोट्या मुलांची बसायची बस्करं भिंतीपासून उचलून व्हरांड्यात नेली.

आठवडा झाला आणि भेगेवरचे कागद फाटले.

“उंदरानं खाल्ले,” चेतन म्हणाला. “कणकेची खळ हाये. उंदीर सोडन का?”

वर्गातली निम्मी पोरं त्याच्या बाजूने झाली. सुकेशनी रागाने लाल झाली, पण चार घरांमध्ये रागाला जागा नव्हती. तिने रात्रभर विचार केला असावा. सकाळी ती पुन्हा वाटी घेऊन आली, आणि या वेळी भेगेवर एक पट्टी लावली की शेजारी, चांगल्या भिंतीवर, तशीच दुसरी लावत गेली. तीच खळ, तोच कागद. “उंदीर असन तर दोन्ही खाईन,” ती म्हणाली. चेतनने नाक मुरडलं, पण तिच्यासाठी बाक धरून उभा राहिला. बाक डुगडुगत होता.

मी इतकी वर्षं शिकवलं, पण त्या सकाळइतकी मी कधीच खूश झाले नाही. हे मी ठेंगरे सरांना सांगायला गेले, तर त्यांचा चेहरा उतरला.

“मॅडम, ते कागद काढून टाका.”

“का?”

“आपला पट किती राह्यला ते माहीत आहे ना तुम्हाला? खाणीमुळे निम्मं गाव उठून गेलं. अशा शाळा बंद करायला वर निमित्तच शोधून राह्यले. मी दुरुस्तीसाठी तीनदा लिहिलं, कोणी फिरकलं नाही. पण ‘धोकादायक’ हा एक शब्द कोणाच्या कानावर पडू द्या, मग बघा कसे धावत येतात. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा का?”

“आणि भिंत पडली तर?”

“तुम्ही पोरं व्हरांड्यात बसवलीच ना? मीही मोठ्यांना तिकडे नाही बसवत. इंजिनिअर येऊन बघेपर्यंत असंच ओढू. शाळा गेली तर पोरी गेल्या, एवढं लक्षात ठेवा.”

त्यांचं म्हणणं मला पटलं नव्हतं, तोच सुकेशनीची आई शाळेत आली. सिंधूबाई खाणीच्या रस्त्यावर मजुरांना डबे पोचवायची. कणीक कुठे जाते याचा छडा लावत ती आली होती. मी तिला पट्ट्या दाखवल्या, लेकीचं कौतुक केलं. तिने ते सगळं ऐकून घेतलं.

“मॅडम, पोरगी हुशार हाये, मले समजते. पण शाळा बंद पडन असं काही करू नका जी. शाळा दारात हाये म्हणून सातवीपर्यंत शिकवीन म्हटलं. खाणीच्या कॉलनीतल्या शाळेत मी नाही धाडत.”

“अहो, तिकडे पाठवायची वेळ आलीच तर—”

“त्या रोडनं कोळशाचे ट्रक चालते. गेल्या साली आत्रामाची पोरगी गेली ट्रकाखाली, शाळेतूनच येऊन राह्यली होती. तुम्हाले पुरावा लागते ना? हा पुरावा. म्हणून नाही धाडत.”

या बाईने एका दमात तीन घरं ओलांडली होती आणि मला तिच्या वाटेत उभं राहायला जागा नव्हती. सुकेशनी आईच्या पदराला धरून उभी होती. तिने सगळं ऐकलं. शाळा गेली तर आपली शाळा संपली, हे तिला त्या दिवसापासून माझ्याइतकंच स्वच्छ माहीत होतं.

पुढच्या तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब येणार असं कळलं. भेगेवरच्या पट्ट्या तोवर पुन्हा फाटल्या होत्या, शेजारच्या जशाच्या तशा होत्या. मी पोरांना सांगितलं की साहेबांसमोर आपण मिठाचा वाद मांडायचा, पाण्यात विरघळलेलं मीठ नाहीसं होतं की तिथेच असतं हा. आणि तो सुकेशनी मांडेल. भारताचा नकाशा मी सगळ्या पट्ट्या झाकतील असा टांगला. सुकेशनी नकाशाकडे बघत राहिली, पण काही विचारलं नाही. इतर वेळी विचारल्याशिवाय राहणारी पोर नव्हती ती.

साहेब आले, भला माणूस होता. पोरांना नावं विचारली, शेंगदाण्याची चिक्की वाटली. खुर्चीवर बसून त्यांनी चार घरांची गंमत समजून घेतली. सुकेशनी पहिल्या घरात उभी राहिली, “मीठ पाण्यातच राह्यते,” म्हणाली, आणि दुसऱ्या घरात जाऊन बशीत वाळवलेल्या पाण्याचं सांगू लागली. एवढ्यात भोंगा झाला.

साहेब भोंग्यानंतर येणार होते, पण लवकर आले, आणि त्या गडबडीत भोंग्याचं भानच राहिलं नव्हतं. जमीन गुरगुरली. बसल्या जागेवरूनच माठ धरला गेला, कपाट धरलं गेलं. नकाशा धरणारी मात्र घरांमध्ये उभी होती, आणि घरातून मधेच निघायचं नाही हा नियम माझाच होता. खिळा निखळला, नकाशा घसरत खाली आला आणि भिंत उघडी पडली. फाटलेल्या आणि न फाटलेल्या पट्ट्या शेजारीशेजारी.

“हे काय?” साहेब हसले. “मंतरलेले कागद लावलेत की काय?”

मी काही बोलायच्या आत चेतन उठला. हाच तो चेतन, ज्याने महिनाभर तिला एकही वाक्य सुखाने बोलू दिलं नव्हतं.

“काही नाही जी, साहेब,” तो म्हणाला. “फाटक्या भिंतीले कागद लावले होते. उंदरानं खाल्ले. लय उंदीर हायेत आमच्या इथं.”

“हो साहेब, उंदरांचा फार त्रास,” ठेंगरे सर घाईने म्हणाले.

साहेबांनी मान हलवली. “मांजर पाळा एखादं,” म्हणाले आणि बशीकडे वळले. मी श्वास सोडला. चेतन खाली बसताना सुकेशनीकडे बघून हळूच हसला. त्या नऊ-दहा वर्षांच्या पोराने तिची शाळा वाचवली होती आणि त्याला ते ठाऊक होतं.

“कशावरून?”

सुकेशनी अजून दुसऱ्या घरातच उभी होती, पण पाहत होती चेतनकडे.

“काय गं?” साहेबांनी विचारलं.

“उंदरानं खाल्ले, हे कशावरून म्हणते हा?”

“सुकेशनी, मिठाचं सांग बाळा,” मी म्हणाले. तिने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. रडू तिला येत होतं ते मी तिला गप्प करते म्हणून नव्हे, एवढं मला तेव्हाही कळलं. मग ती मागे आली आणि पुन्हा पहिल्या घरात उभी राहिली.

“भिंत फाटून राह्यली,” ती म्हणाली. पुढच्या घरात पाय टाकला. “भेगेवरच्या साऱ्या पट्ट्या फाटल्या. बाजूच्या एकही नाही फाटली. कागद तोच, खळ तीच. उंदराले भेगेवरचीच खळ गोड लागते का?” पोरं हसली. चेतन हसला नाही. “म्हणून भेग रुंद होऊन राह्यली. उंदीर नाही.”

मला तिचा असा राग आला की हात धरून बाहेर काढावं. आणि त्याच क्षणी तितकाच अभिमानही वाटला. दोन्ही खरं होतं.

साहेबांचं हसू गेलं होतं. ते उठून भिंतीजवळ गेले, भेगेत बोट घातलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

“पण,” सुकेशनी चौथ्या घरात गेली.

“बस, बस. हुशार आहे पोरगी,” साहेब म्हणाले आणि फोन कानाला लावून व्हरांड्यात निघून गेले.

ती थांबली नाही. चौथं घर पुरं करायचं असतं. रिकाम्या खुर्चीकडे बघत तिने ते पुरं केलं. “पण भिंत पडन का नाही पडन, ते आमाले माहीत नाही. भेग वाढते, एवढंच पाह्यलं. पडते म्हणायले पुरावा नाही. जाणत्या माणसानं येऊन पाहा लागन.” मग ती बाहेर आली आणि चेतनच्या शेजारी जाऊन बसली. चेतन सरकून दूर बसला.

मी व्हरांड्यात धावले. “साहेब, तिचं बोलणं अर्धंच ऐकलंत तुम्ही. भिंत पडेल असं ती म्हणत नाही. इंजिनिअर पाठवा, दुरुस्ती होऊ शकते—”

“मॅडम,” त्यांनी फोनवर हात ठेवला, “मुलांच्या जिवापेक्षा काही मोठं आहे का? उद्या काही झालं तर तुम्ही उत्तर देणार का मी?”

खोटं काहीच नव्हतं त्यात. इंजिनिअर आला नाही. दुरुस्तीला लागला असता तेवढा खर्चही वाचला, कमी पटाची कटकटही मिटली. सुंठीवाचून खोकला गेला. दिवाळीची सुटी संपायच्या आत आदेश आला. इमारत धोकादायक, शाळा कॉलनीच्या शाळेत विलीन. एक माणूस लाल रंगाचा डबा घेऊन आला आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत ‘धोकादायक इमारत, आत जाऊ नये’ असं रंगवून गेला.

मुलगे कॉलनीत जाऊ लागले, ट्रकांच्या कडेकडेने, रांगेत. मुली बहुतेक घरी राहिल्या. मी सिंधूबाईकडे दोनदा गेले. मी सोबत नेईन-आणीन, असंही म्हणाले. “तुमची बदली झाली म्हणजे?” तिने विचारलं. महिन्याभरात माझी बदली झालीच. निघताना सुकेशनी दाराशी डबे घासत बसली होती. ती उठून उभी राहिली, हातातला डबा तसाच धरून.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, मी निवृत्त झाल्यावर, ठेंगरे सर वारल्याचं कळलं. त्यांच्या घरी भेटून परतताना मला राहवलं नाही. मी ऑटोवाल्याला गावाकडे वळायला सांगितलं.

शाळा उभी होती. छत काही ठिकाणी गेलं होतं, दारं लोकांनी नेली होती, पण मागची भिंत जशीच्या तशी उभी. लाल अक्षरं उडून फक्त ‘आत जाऊ नये’ एवढं उरलं होतं. आत शेळ्या बांधल्या होत्या आणि एक बाई त्यांना पाला घालत होती. ती वळली तेव्हा मी तिला डोळ्यांवरून ओळखलं.

“मॅडम!” सुकेशनीने हात पदराला पुसले आणि पाया पडायला वाकली. मी तिला धरलं. तिचे हात आईसारखे झाले होते, खरखरीत. आई गेली होती, डब्यांचं काम आता ती करत होती. चेतन डंपर चालवायचा, त्याची बदली दुसऱ्या खाणीवर झाली होती. “दहावीनंतर आयटीआय केलं त्यानं,” ती म्हणाली. “कितीक वर्षं बोलला नाही माह्याशी. मंग एक दिवस डबा घ्याले आला. म्हणे, मी एवढं चांगलं खोटं बोललो होतो, अन् तुनं माती केली.” ती हसली. मला हसता आलं नाही.

“भिंत पडली नाही गं,” माझ्या तोंडून गेलं.

“नाही पडली.”

ती मला भिंतीजवळ घेऊन गेली. भेगेवर कागदाच्या पट्ट्या होत्या. शाळेतल्या नव्हेत, वर्तमानपत्राच्या, नव्या. शेजारी चांगल्या भिंतीवरही तशाच.

“अजून लावतेस?”

“शेळ्या बांधते ना इथं. पाहा लागते. अन् सवय लागली. सांगू का तुम्हाले सारं? घरं नाहीत आता, पण सांगू?”

खालची फरशी शेणाने सारवल्यासारखी झाली होती. तिने पायानेच पाला बाजूला केला आणि सरळ उभी राहिली, जशी चौथीत राहायची तशी.

“भेग थांबली,” ती म्हणाली. एक पाऊल पुढे आली. “इकडची खाण बंद झाली त्याले दोन पावसाळे झाले. तवापासून एकही पट्टी फाटली नाही. त्याच्या आधी फाटे.” आणखी एक पाऊल. “म्हणून भेग स्फोटानं वाढे. भिंत कच्ची नव्हती.”

माझ्या पिशवीत फोन वाजू लागला. बाहेर ऑटोवाला ताटकळला असणार. मी पिशवीवर हातही ठेवला नाही. सुकेशनी तो वाजून थांबेपर्यंत माझ्याकडे पाहत राहिली, आणि मगच तिने शेवटचं पाऊल टाकलं.

“पण मी सातवी केली असती तर काय झालं असतं, ते माहीत नाही, मॅडम. त्याचा पुरावा नाही.”

नियमाप्रमाणे मी ती बाहेर येईपर्यंत जागची हलले नाही. ती मात्र बराच वेळ तिथेच उभी राहिली.